ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खासगी काम: किती मोकळीक द्यावी आणि ती कशी बसवावी

गोव्यातल्या दहा ते साठ माणसांच्या खासगी ऑफिसात आयटीचे नियम ठरवायचे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आले आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पाटोवरची सीए फर्म असो, कळंगुटचे हॉटेल, वेर्ण्याचा औषध कारखाना की फोंड्याची पतसंस्था, प्रश्न सगळीकडे एकच येतो. कुणी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरचे वीजबिल भरले, मुलाची फी भरली, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून छापला, सकाळी अकराला कोकण रेल्वेचे तत्काळ तिकीट काढायला बसले, तर ते चालू द्यायचे का?

चालू द्यावे, आणि तोंडी नव्हे, लेखी परवानगीने चालू द्यावे. पूर्ण बंदी कागदावर सोपी दिसते, पण ती टिकत नाही. माणसे खासगी काम थांबवत नाहीत, फक्त वाट बदलतात. ऑफिसच्या नेटवर जीमेल बंद केले की फोनचा हॉटस्पॉट त्याच कॉम्प्युटरला जोडला जातो. मग फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारा), फिल्टर, नोंदी हे सगळे बाजूला राहते आणि कॉम्प्युटर मात्र आतल्या नेटवर्कलाही जोडलेलाच असतो. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. बंदी मोडताना एखादी घातक फाइल उघडली गेली, तर ते कुणी येऊन सांगत नाही. पहिले काही तास हातचे जातात, आणि वाचवता येण्यासारखे जे असते ते त्याच तासांत असते.

म्हणून सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करा. माणूस वेळ वाया घालवतो का, हा प्रश्न त्याच्या वरिष्ठाचा आहे आणि तो काम वेळेत झाले की नाही यावरून सुटतो. यंत्राला, पैशाला किंवा ग्राहकाच्या माहितीला धोका आहे का, हा आयटीचा प्रश्न आहे. धोरणात फक्त दुसरा प्रश्न लिहा. ‘दिवसाला पंधरा मिनिटे खासगी वापर’ असला नियम करू नका. तो मोजता येत नाही. एखादे संकेतस्थळ टॅबमध्ये दिवसभर उघडे पडलेले असते आणि नोंदीत आठ तास दिसतात. वेळेच्या बाबतीत सढळ राहा, यंत्राच्या बाबतीत कडक. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका भूमिकेतून आल्या आहेत.

पायरी १: माणसांची नव्हे, कॉम्प्युटरची वर्गवारी

साहेबांना सगळे मोकळे आणि कारकुनांना सगळे बंद, अशी हुद्द्यावरून केलेली विभागणी धोक्याशी जुळत नाही. साहेबांचा लॅपटॉप घरी जातो, मुलांच्या हातात पडतो, आणि त्यावरच बँकेचे अधिकार असतात. त्याऐवजी एक शीट घ्या. प्रत्येक कॉम्प्युटरला एक ओळ. कुठे आहे, कोण कोण बसते, त्यावर कुणाची माहिती आहे, त्यावरून पैसे हलतात का, विंडोजची कुठली आवृत्ती आहे, तो बंद पडला तर काय थांबते, एवढे रकाने पुरेत. साठ कॉम्प्युटरचे हे काम दोन दिवसांत होते.

मग तीन गट पाडा.

बंद गटात खासगी वापर अजिबात नाही. बँकेचे पेमेंट जिथून होते तो कॉम्प्युटर, ग्राहकांचे डिजिटल सिग्नेचर टोकन (ऑनलाइन सही करायची यूएसबी किल्ली) जिथे लागतात तो, सर्व्हर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेला कॉम्प्युटर. औषध कारखान्यात हा शेवटचा मुद्दा विशेष जपायचा असतो. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिचे नोंदींच्या खरेपणाबद्दलचे (डेटा इंटिग्रिटी) मार्गदर्शन (डिसेंबर २०१८) प्रत्येक नोंद कुणी आणि केव्हा केली हे ओळखता यावे, असे सांगते. एचपीएलसी या औषध तपासण्याच्या उपकरणाच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांचा एकच लॉगिन असेल, विश्लेषकाला घड्याळ बदलता येत असेल किंवा फाइल पुसता येत असेल, तर तपासणीत तो गंभीर दोष ठरतो. अशा यंत्रावर इंटरनेटच नसावे.

मधल्या गटात अनेकजण पाळीपाळीने बसतात ते कॉम्प्युटर येतात. हॉटेलचे रिसेप्शन, दुकानाचा काउंटर, शाखेची खिडकी. हॉटेलच्या रिसेप्शनवर परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती असतात, म्हणून इथे बातम्या, नकाशा, बसचे वेळापत्रक पाहायला हरकत नाही, पण स्वतःचे कुठलेही लॉगिन नको. कारण साधे आहे. पहिल्या पाळीतल्या माणसाचे जीमेल उघडे राहते आणि दुसऱ्या पाळीतला त्यातून नकळत ऑफिसची फाइल पाठवतो. भांडणे इथूनच सुरू होतात.

मोकळ्या गटात एकाच माणसाच्या टेबलावरचे कॉम्प्युटर आणि लॅपटॉप. खासगी वापराची परवानगी मुख्यतः यांच्यासाठी.

विंडोज १० ची साधी सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्या कॉम्प्युटरवर ती अजून आहे आणि वाढीव अद्यतने घेतलेली नाहीत, तो हुद्दा, जागा काहीही न पाहता बंद गटात टाका आणि बदलायच्या यादीत वर ठेवा.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. बंद गटावर बसणाऱ्या माणसालाही फी भरायची असते, गोवा बोर्डाचा निकाल लागतो त्या दिवशी त्यालाही तो पाहायचा असतो. त्याला दुसरी जागा दिली नाही तर नियम त्याच यंत्रावर मोडतो. ८ जीबी रॅमचा एक जुना पण अद्ययावत डेस्कटॉप जेवणाच्या खोलीत ठेवा, तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर जोडा, ऑफिसचा एकही फोल्डर त्याला दिसू देऊ नका. या एका कॉम्प्युटरने बंद गट खरोखर बंद राहतो.

पायरी २: एक पान लिहा

दहा-बारा पानांचे इंग्रजी धोरण नेटवरून उतरवून सहीला फिरवण्याची पद्धत सोडा. सही होते, वाचन होत नाही. एक पान लिहा, आणि तुमची माणसे जी भाषा वाचतात तिच्यात लिहा. मराठी, कोंकणी, इंग्रजी, गरज असेल तर तिन्ही. मसुदा असा असू शकतो:

‘मोकळ्या गटातील कॉम्प्युटरवर कर्मचाऱ्यांनी थोडेफार खासगी काम करायला ऑफिसची हरकत नाही. बिले, फी, तिकिटे, सरकारी अर्ज, खासगी ईमेल, बातम्या, डॉक्टरची वेळ घेणे हे सर्व चालेल. त्यासाठी ब्राउझरची गेस्ट विंडो वापरावी. दिवसाला पाच पानांपर्यंत खासगी प्रिंट विचारल्याशिवाय काढावी.

पुढील गोष्टी कुणालाही, मालकांनाही, चालणार नाहीत. ऑफिसने न दिलेले सॉफ्टवेअर बसवणे. चोरीचे सॉफ्टवेअर, सिनेमे किंवा टॉरेंट. खासगी पेन ड्राइव्ह. ऑफिसचा पासवर्ड खासगी खात्यात साठवणे. ऑफिसची फाइल खासगी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवणे. अश्लील मजकूर. जुगार. ऑफिसच्या यंत्रावरून स्वतःचा धंदा चालवणे. दुसऱ्याच्या लॉगिनने काम करणे.

कुठल्या कॉम्प्युटरने कुठल्या संकेतस्थळाला भेट दिली याची नोंद १८० दिवस राहते. स्क्रीनचे फोटो, टाइप केलेली अक्षरे, खासगी ईमेलचा मजकूर ऑफिस पाहत नाही.

चुकून काही उघडले, क्लिक झाले, पैसे गेले, तर लगेच सांगा. लगेच सांगणाऱ्यावर त्या चुकीबद्दल कारवाई होणार नाही.’

परवानगीचा भाग आधी आणि बंदीचा नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. काय चालते हे स्पष्ट लिहिल्यावर राहिलेली बंधने लोक गांभीर्याने घेतात. ‘अवाजवी वापर’, ‘गैरवाजवी संकेतस्थळे’ असे मोघम शब्द टाळा. त्यांचा अर्थ प्रत्येक वरिष्ठ आपापल्या परीने लावतो आणि नियम नावडत्या माणसावरच चालतो.

पान वाचून दाखवा. अर्ध्या तासाची बैठक, प्रश्नोत्तरे, मग सही. सफाई आणि सुरक्षा कर्मचारी ऑफिसचे वायफाय वापरत असतील तर त्यांनाही बोलवा.

पायरी ३: यंत्रे त्या पानाप्रमाणे तयार करा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. कागदावरचे जेवढे यंत्रच पाळेल, तेवढे माणसांवर लक्ष ठेवणे कमी.

खाते. रोजच्या वापराचे खाते ‘स्टँडर्ड’ असावे, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नव्हे. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा, दोनच माणसांकडे. यामुळे सॉफ्टवेअर बसवण्याची वाट बहुतांशी बंद होते. बहुतांशी यासाठी की काही प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ॲडमिनशिवायही बसतात. आणि हेही ध्यानात ठेवा की स्टँडर्ड खाते रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) पूर्ण थांबवत नाही. त्या माणसाला ज्या सामायिक फोल्डरात लिहिता येते, तिथल्या फाइली रॅन्समवेअरलाही कुलूपबंद करता येतात. म्हणून सामायिक फोल्डर ‘सर्वांना सर्व’ असा ठेवू नका. हिशेब विभागाचा फोल्डर त्यांनाच लिहिता यावा, बाकीच्यांना फार तर वाचता यावा. आणि बॅकअपची एक प्रत अशी ठेवा की जी रोज जोडलेली नसते.

ब्राउझर. खासगी वापरातला सर्वांत मोठा धोका इथे आहे आणि तो डोळ्याला दिसत नाही. कर्मचारी ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःच्या गूगल खात्याने प्रोफाइल उघडतो, सिंक चालू होते, आणि त्या दिवसापासून ऑफिसचे जे जे पासवर्ड ‘सेव्ह’ होतात ते त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवरही जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात हेच निघाले. एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवरील क्रोममध्ये खासगी गूगल प्रोफाइल उघडले होते, एका महत्त्वाच्या खात्याचा पासवर्ड त्यात साठला होता, आणि हल्लेखोर तिथूनच आत आले असावेत असा कंपनीचा निष्कर्ष होता. जिचा धंदाच लॉगिन सांभाळण्याचा, तिच्याकडे हे घडले.

उपाय अवघड नाही. ऑफिस गूगल वर्कस्पेस (गूगलची ऑफिससाठीची ईमेल सेवा) वापरत असेल तर क्रोमच्या धोरणांत, म्हणजे ॲडमिनने सर्वांसाठी लावायच्या सेटिंगांत, ‘रिस्ट्रिक्ट साइनइन टू पॅटर्न’ मध्ये आपल्या डोमेनचेच नाव टाका. वापरत नसेल तर ब्राउझर साइन-इन पूर्ण बंद करा. खासगी कामासाठी गेस्ट विंडो शिकवा: उजवीकडे वरच्या प्रोफाइल चिन्हावर जाऊन ‘गेस्ट’. ती बंद केली की इतिहास, कुकीज, लॉगिन पुसले जाते, आणि तिच्यात ना एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) असतात ना सिंक. फक्त डाउनलोड केलेली फाइल तशीच राहते, आणि हे लोकांना ठाऊक नसते. बँकेचे स्टेटमेंट, आधारची प्रत डाउनलोड्स फोल्डरात महिनोन्‌महिने पडून राहते. ‘काम झाले की डाउनलोड्स रिकामे करा’ एवढी चिठ्ठी मॉनिटरला लावा. सामायिक स्कॅनरचेही तेच होते. तो सगळ्यांची स्कॅन एकाच फोल्डरात टाकतो, तिथे एकाचा पॅन दुसऱ्याला दिसतो. तो फोल्डर दर रात्री आपोआप रिकामा होईल अशी व्यवस्था करा.

एक्स्टेन्शनवर बंदी डोळे मिटून घाला. क्रोमच्या ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट’ मध्ये फक्त तारांकन चिन्ह टाकले की सगळी बंद होतात. मग लागतील तेवढी ‘अलाउलिस्ट’ मध्ये नावानिशी उघडा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये हीच धोरणे वेगळी लावावी लागतात. क्रोम बांधून एज उघडे ठेवले तर काहीच साधले नाही.

पेन ड्राइव्ह. तो बंद करायचे विंडोजचे साधन, ग्रुप पॉलिसी एडिटर, प्रो आणि वरच्या आवृत्त्यांतच मिळते, होम मध्ये नाही, म्हणून यादीत आवृत्तीचा रकाना घ्यायला सांगितला. त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस असे आत जा. तिथे ‘ऑल रिमूव्हेबल स्टोरेज क्लासेस’ ही एकच कळ दाबण्याचा मोह होतो. सीए किंवा वकिलाच्या ऑफिसात तसे करू नका. काही डिजिटल सिग्नेचर टोकन आधी सीडीसारखे दिसतात आणि त्यातूनच त्यांचा ड्रायव्हर बसतो. सरसकट बंदीने तो अडतो आणि नेमका रिटर्नच्या शेवटच्या दिवशी गोंधळ उडतो. फक्त ‘रिमूव्हेबल डिस्क्स’ चे वाचणे आणि लिहिणे बंद करा. फोन केबलने जोडला तर तो डिस्क म्हणून धरला जात नाही, त्यासाठी खालचे ‘डब्ल्यूपीडी डिव्हायसेस’ वेगळे बंद करावे लागते. चार्जिंग तरीही चालू राहते, त्यामुळे कुरकुर होत नाही. ग्राहक पेन ड्राइव्ह घेऊन येतातच. त्यांच्यासाठी एका ठरावीक कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसने तपासून फाइल उतरवून घ्या.

वायफाय. दोन नेटवर्क हवीत. एक ऑफिसच्या यंत्रांचे, दुसरे कर्मचाऱ्यांच्या फोनचे आणि पाहुण्यांचे. बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतेच. त्यात एकमेकांची यंत्रे दिसू न देणारी आयसोलेशनची कळ चालू आहे ना, ते पाहा. डीएनएस (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून राउटरमध्ये क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकले की घातक आणि अश्लील संकेतस्थळे बरीचशी गळतात, पैसे लागत नाहीत. ब्राउझरमधल्या ‘सिक्युअर डीएनएस’ सेटिंगमधून हे चुकवता येते, ते धोरणाने बंद करा.

वेगाचा हिशेब मांडा. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. सामना रंगात आला असताना दहा फोन म्हणजे ५०. लाइन १०० ची असेल तर तेवढ्याने काही थांबत नाही. थांबते ते अपलोड भरले की. बऱ्याच कनेक्शनवर अपलोड डाउनलोडपेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि फोन वायफायला लागले की फोटोंचा बॅकअप चालू होतो. व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज तुटतो, दोष मात्र क्रिकेटला दिला जातो. गेस्ट नेटवर्कला अपलोड आणि डाउनलोड दोन्हींच्या एकूण वेगाच्या ३० टक्क्यांची मर्यादा घाला. मग कोण काय पाहते याच्या मागे लागावे लागत नाही. पावसाळ्यात फांदी पडून फायबर तुटला आणि ऑफिस ४जीच्या राउटरवर आले, की गेस्ट नेटवर्क बंद व्हावे, हे आधीच सांगून ठेवा. जूनपासून याची वेळ येतेच.

स्क्रीन दहा मिनिटांत आपोआप लॉक, आणि उठताना विंडोज-एल दाबायची सवय. बंद आणि मधल्या गटात तीन मिनिटे.

पायरी ४: नोंदी किती ठेवायच्या

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. त्या ठेवा. फायरवॉलच्या नोंदीत सहसा संकेतस्थळाचे नाव, वेळ आणि कॉम्प्युटर एवढेच दिसते, आतला मजकूर दिसत नाही, आणि बहुतेक कामांना तेवढे पुरते. मजकूर उघडून पाहणारी यंत्रणा विक्रेता आग्रहाने विकतो. ती घेतलीच तर बँकांची आणि रुग्णालयांची संकेतस्थळे त्यातून वगळा.

कीलॉगर (टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्रॅम), दर पाच मिनिटांनी स्क्रीनचा फोटो, कॅमेरा चालू करणारी सॉफ्टवेअरे यांपासून दूर राहा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. खासगी बँकिंगला परवानगी द्यायची आणि त्याच यंत्रावर कीलॉगर ठेवायचा, हे धोकादायक आहे. कर्मचाऱ्यांचे पासवर्ड तुमच्याकडे साठतात, आणि उद्या कुणाचे खाते रिकामे झाले तर संशय तुमच्यावर येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ४३अ आणि ७२अ अशा माहितीच्या हलगर्जीबद्दल आणि गळतीबद्दल आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ च्या कलम ७ मध्ये नोकरीसाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी माहिती वापरायला संमतीवाचून मुभा आहे, पण तेवढ्याने वाटेल ते पाहण्याची मोकळीक मिळत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तयारीला वेळ आहे, तो वापरा.

पूर्वसूचना किती महत्त्वाची, हे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या ५ सप्टेंबर २०१७ च्या निकालातून कळते. रुमेनियातल्या एका कंपनीत खासगी वापरावर पूर्ण बंदी होती. तिने एका अभियंत्याचे याहू मेसेंजरवरचे संदेश वाचले, त्यात भावाशी आणि होणाऱ्या पत्नीशी झालेले बोलणेही होते, आणि त्याला कामावरून काढले. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. नजर कशी आणि किती खोल ठेवली जाणार हे त्याला आधी सांगितलेलेच नव्हते. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपले पान लिहिताना त्यातली कसोटी उपयोगी पडते.

नोंदी कोण पाहणार हे नावाने ठरवा. दोघांनी मिळून, लेखी कारण देऊनच. ‘जरा बघू, हा दिवसभर काय करतो’ हे कारण होत नाही. कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ‘खासगी’ नावाचा एक फोल्डर असू द्या, २ जीबीपर्यंत, ऑफिसच्या बॅकअपमधून वगळलेला. तो उघडायची वेळ आली तर त्या माणसासमोर उघडा.

पायरी ५: फोन, घरचा लॅपटॉप, व्हॉट्सॲप, एआय

खासगी वापराची दुसरी बाजू म्हणजे खासगी यंत्रावर ऑफिसचे काम. ती जास्त धोक्याची आहे, कारण तिथे वरची एकही कळ तुमच्या हातात नाही. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीवरील २०२२ च्या हल्ल्यात एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरील मीडिया सॉफ्टवेअरच्या त्रुटीतून कीलॉगर घुसवला गेला आणि मुख्य पासवर्ड चोरला गेला. पैसे किंवा ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्याला घरून काम करायचे असेल तर ऑफिसचाच लॅपटॉप द्या. बाकीच्यांना फोनवर ईमेल चालेल, फोनला लॉक आणि ताजी अद्यतने असली म्हणजे झाले.

खासगी व्हॉट्सॲप फोनवरच राहू द्या. व्हॉट्सॲप वेबवरून आलेली झिप फाइल थेट ऑफिसच्या डिस्कवर उतरते. ग्राहकांशी बोलायला ऑफिसच्या नावावरचे सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. रिसेप्शनवरच्या मुलीच्या खासगी नंबरवर तीन हंगामांची बुकिंगे साठली आणि ती सोडून गेली, तर ती संभाषणे मागायचा मार्ग उरत नाही. यात तिचा दोष नसतो, नंबर न देणाऱ्याचा असतो.

एआय साधनांबद्दल पानावर एक ओळ हवीच. खासगी खात्यावरून सुट्टीचा बेत आखायला किंवा पत्राची भाषा सुधारायला हरकत नाही. ग्राहकाचे नाव, पॅन, ताळेबंद, करार चिकटवू नये. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या यंत्रांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधने टाळायला सांगितले ते याच भीतीने. छोट्या ऑफिसने सरसकट बंदी घालण्यापेक्षा एक विकत घेतलेले खाते द्यावे, नाहीतर काम फोनवरून होतेच.

पायरी ६: काही घडले तर

प्रत्येक टेबलाजवळ तीन ओळी चिकटवा. केबल काढा, वायफाय बंद करा. कॉम्प्युटर बंद करू नका. अमुक नंबरला फोन करा. बंद न करण्याचे कारण असे की चालू यंत्राच्या मेमरीत हल्ल्याचे पुरावे असतात, ते वीज गेली की जातात. यूपीएसची बॅटरी चांगली असावी ती याही कारणासाठी.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग बाकी सगळे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. सीईआरटी-इनला ठरावीक प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. सहा तासांत अहवाल पूर्ण होत नाही. जे माहीत आहे तेवढे पाठवा, उरलेले नंतर. त्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे यंत्रांची यादी, आयपी पत्ते, जबाबदार माणसाचे नाव, आधीच एका कागदावर छापून ठेवा. रॅन्समवेअर आल्यावर कॉम्प्युटरमधली यादी उघडत नाही.

इथे लेखी दिलेले अभय खरोखर पाळा. ज्याने दहा मिनिटांत सांगितले त्याला बैठकीत फैलावर घेतले, तर पुढचा माणूस सांगणार नाही. कारवाई लपवणाऱ्यावर, आणि माहीत असून टॉरेंट किंवा चोरीचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यावर. तीही पायरीने: आधी समज, मग लेखी ताकीद, मग मोकळ्या गटाची मुभा काही महिने काढणे. ग्राहकाची माहिती विकली किंवा चोरली असेल तर पायऱ्या नाहीत, थेट वकिलाचा सल्ला घ्या आणि यंत्राला हात लावू नका.

पायरी ७: सोडून जाणारा कर्मचारी

मोकळीक दिली की कॉम्प्युटरवर माणसाचे थोडेफार खासगी सामान असणारच. शेवटच्या आठवड्यात एक तास ठरवा. तो स्वतःचे फोटो, कागदपत्रे काढून घेतो, आयटीचा माणूस शेजारी बसतो, ऑफिसची फाइल जात नाही ना एवढेच पाहतो. पेन ड्राइव्हची बंदी त्या तासापुरती उठवा. मग खाते बंद, वायफायचा पासवर्ड बदला, ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ मध्ये जाऊन त्याचा फोन किंवा लॅपटॉप काढा, आणि बँक, जीएसटी, हॉटेल बुकिंगच्या पोर्टलवर त्याचा मोबाइल ओटीपीसाठी नोंदवलेला आहे का ते तपासा. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो. पुढच्या रिटर्नच्या दिवशी ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो तेव्हा कतारला पोहोचलेला असतो.